वाटो

तळाशीलला एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र,
मधे माडांची एवढीशी पट्टी,
नकाशावर पेन्सिल ठेवली तर झाकून जाईल.
मी आले तेव्हा माझ्याकडे
सदतीस प्रश्नांची प्रश्नावली होती
आणि सरांचं एक वाक्य:
आधी नुसतं बघ.

बघायला बसले तर
होडीच्या सावलीत जाळं सांधणाऱ्या शेवंती कुबलने
मान वर न करता विचारलं,
"खयची गो तू? आडनाव काय तुझा?"
अर्पित दर्जा, अर्जित दर्जा,
एका अक्षराचा फरक, परीक्षेत हमखास चार गुण.
मी आडनाव सांगितलं.
एक लाट येऊन परत जायला लागते
तेवढा वेळ सुई थांबली.
मग चालू झाली.
त्या थांबण्याला आमच्या परिभाषा कोशात शब्द आहे.
मला तो कोश हातात यायच्या आधीपासून पाठ आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे रापण लागली.
होडी जाळं सोडत अर्धं वर्तुळ फिरून आली,
दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर,
आणि वाळूत टाचा रुतवून गाव मागे, मागे.
मी लिहीत होते: श्रमविभागणी.
पाण्यात तरुण, शेवटाला दोर वेटोळणारे म्हातारे.
सत्ता: लवू तांडेल बोलत नाही, नुसता हात वर करतो.
सामाजिक नियंत्रण: हळू ओढणाऱ्याला शिवी,
तीही नातं बघून, मेव्हण्याला लांबलचक,
जावयाला नाहीच.
(हसू आलं. ते लिहिलं नाही.)

तेवढ्यात कोणाचा तरी पाय सरकला,
दोर माझ्यासमोरून सरसरत निघाला
आणि मी धरला.
असंच. पडणारं भांडं धरतो तसा.
वही वाळूत, तळव्यात आग,
आणि दोराच्या त्या टोकाला समुद्र,
तो काही बघत नव्हता,
ओढत होता.

बांगडा आला, थोडी तारली,
एक कासव, ते हात जोडून परत सोडलं.
मग वाटे पडले.
जाळ्याचा, होडीचा, माणशी एक,
गेल्या श्रावणात गेलेल्या बाबल्याचा एक, त्याच्या बायकोकडे,
(सदतिसात हा प्रश्नच नव्हता)
दोराला नुसत्या लोंबकळलेल्या पोरांना चार-चार.
मी वही झटकून बाजूला झाले.
लवू म्हणाला,
"गो बाय, खय चललंस? दोर धरलंस मां?
मगे वाटो तुझो."

मी पिशवी पुढे केली.
सात बांगडे. वरून.
म्हणजे थोडेसेच वरून, वीतभर.

हात ओले होते त्याचे, म्हणून?
बांगडा निसटतो, म्हणून?
सगळ्यांनाच तसे टाकले का,
ते मी बघितलं नाही,
मी, जिला नुसतं बघायला पाठवलं होतं.
की ती वीत माझ्याच डोळ्यात आहे,
आईच्या ओंजळीत पाणी वरून पडायचं तेव्हापासूनची?
एका निरीक्षणाला दोन स्पष्टीकरणं असली
तर साधं असेल ते घ्या, सर म्हणायचे.
सर, यातलं साधं कुठलं?

संध्याकाळी खोलीवर कालवण रटरटत होतं.
शेवंती आली, उंबऱ्यावर बसली,
आत नाही, बाहेर नाही.
"तिरफळां घातलंस?"
नव्हती घातली. तिने ओच्यातून काढून दिली,
ठेचायची किती तेही सांगितलं.
जाताना मी वाटीभर कालवण पुढे केलं.
तिने घेतलं. पदराखाली झाकून नेलं.

सकाळी वाटी परत आली,
राखेने लख्ख घासलेली,
तळाशी मूठभर सोलं, रिकामी वाटी देत नाहीत म्हणून.
कालवण जेवणात गेलं की माडाच्या मुळाशी,
वाटीला माहीत.