नव्वद सेंटिमीटर

चाळीस वर्षं, अलेन्तेजुच्या उन्हात, गुडघ्यांवर बसून
मी हे गाव घातलं, फरशी घालतात तसं.
पांढरी चुनखडी, काळा बसॉल्ट,
तळहातावर तोलायचा, हातोडीची एक टिचकी,
वाळूत बसवायचा, पुढचा घ्यायचा.
चौकातली लाट माझी. चर्चपुढचं जहाज
माझं आणि मेहुण्याचं;
शीड त्याचं, म्हणून जरा तिरकं.
प्रवासी वाकून फोटो काढतात.
खाली बघत चालावं असं गाव आहे आमचं,
असं मी मिरवायचो.

झुल्मिराही खाली बघतच चालवते तिची खुर्ची.
वेगळ्या कारणानं.
त्या मार्चमध्ये पुढचं चाक अडकलं
दोन दगडांच्या बोटभर फटीत
आणि ती चौकात, माझ्या लाटेवर, पालथी.
धावलो. कपाळाला वाळू, दातांत रक्त,
म्हणाली, "अबीलियु, काम पक्कं आहे तुझं.
जरासुद्धा हललं नाही."

तेव्हापासून मी त्यांच्यात.

शनिवारी आम्ही सात जण निघतो.
एक टेप, पिवळा खडू, दुआर्तची वही.
दोन सेंटिमीटरहून उंच ते सगळं 'भिंत' म्हणून लिहायचं,
हा नियम इरियाचा. तिला जुळी मुलं, दुहेरी ढकलगाडी
आणि संयम अजिबात नाही.
भिंत: बेकरी, चौदा.
भिंत: दवाखाना, अकरा, शिवाय दार जड.
भिंत: पोस्ट, तीन पायऱ्या, आणि वर पाटी,
'मदतीसाठी आत विचारा'.
फाउश्तुला दिसत नाही. तो काठी टेकवतो आणि सांगतो,
"हा अबीलियुचा दगड. हा मेहुण्याचा."
कधी चुकत नाही.
मला ते आवडत नाही.

नगरपालिकेनं बैठक बोलावली. विषय: सर्वांसाठी गाव.
जागा: पहिला मजला. लिफ्ट नाही.
झुल्मिरा जिन्याच्या तळाशी थांबली, मग आम्हीही थांबलो.
शेवटी नगराध्यक्षबाई खाली आल्या,
मांडीवर फाइल घेऊन चौथ्या पायरीवर बसल्या.
"पण हा वारसा आहे," म्हणाल्या. "हे दगड म्हणजे आपण."
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
भाषण लिहून आणलं होतं. चष्मा घरी.
एवढंच बोललो:
"बाई, मी घातलेत. मी सांगतो, काढता येतात."

दीड वर्षानं एक पट्टी मंजूर झाली.
नव्वद सेंटिमीटर रुंद, घासलेला ग्रॅनाइट,
बसथांब्यापासून पोस्टापर्यंत.
कंत्राटदाराच्या पोरांना जुना दगड निघेना,
पहार घालत होते, दात उपटावेत तसे.
म्हटलं, सरका.
त्र्याहत्तराव्या वर्षी पुन्हा गुडघ्यांवर,
आणि काम उलटं: शेवटचा आधी, मग त्याच्या आधीचा.
चौकात आलो. पट्टी लाटेच्या पोटातून जायची होती.
मेहुणा असता तर शिव्या घातल्या असत्या,
त्याचं शीड वाचलं म्हणून तर जास्तच.
एक दगड खिशात टाकला.
का ते विचारू नका.

सोमवारी झुल्मिरा त्यावरून गेली,
हात चाकांवर, नजर वर,
बाल्कन्यांकडे, वाळत घातलेल्या चादरींकडे,
कोपऱ्यावरच्या हिरव्या दाराकडे.
"हे कधी रंगवलं?"
सहा वर्षं झाली, मी म्हणालो.

फाउश्तुची तक्रार आहे: पट्टी मुकी,
काठीशी काही बोलत नाही.
दुआर्तनं लिहून घेतलं, काठाला खाचा हव्यात.
ते पुढचं भांडण.

पट्टी पोस्टापाशी संपते.
पायऱ्या तीनच, पहिल्यासारख्या.
झुल्मिरानं खालूनच हाक मारली. एक तिकीट हवं होतं, एकच.
आतून कुणी येईपर्यंत करायचं काय,
मी टेप काढला.
सतरा. सतरा. अठरा.
शेवटची जरा जास्त.
कुणी घातली ते मला माहीत आहे.