चौथ्यानंतर

गाडी विकताना एस्किल लुंडमार्कने पैसे मोजले नाहीत.
माझा अंगठा धरला
आणि गिअरच्या दांड्यावरच्या बारक्या बटनावर टेकवला.
"हा पाचवा गिअर नव्हे, तुवा.
चौथ्यालाच दिलेली थोडी मोकळीक आहे."

स्टुरुमनहून लिकसेले, शंभरावर थोडे किलोमीटर.
दोन्ही बाजूंना देवदार, मधे बर्फाने घासलेला रस्ता,
आणि सूर्य असा की दुपारच्या कॉफीआधीच गाशा गुंडाळतो.
मी त्या भागाची फिरती नर्स. दिवसाला चार घरं,
कधी पाच, घरांच्या मधे नुसता वेग.

त्याने बॉनेटवरच्या बर्फात बोटाने तीन वर्तुळं काढली.
मधे सूर्य. भोवती ग्रह. बाहेर कडं.
खोटं नाही, त्या दात्यांची नावं खरंच अशी आहेत.
बटन दाबलं की तेलाचा दाब चढतो
आणि सूर्याला मुठीत धरतो.
सूर्य जागच्या जागी, ग्रह त्याच्या अंगावरून चालत राहतात,
आणि कडं त्यांच्याही पुढे पळतं.
इंजिनाने चार फेरे घेतले
तर मागे चाकांकडे पाच पोचतात.

"मग हा पाचवा आला कुठून?"
"फुकट नाही आला. जोर दिलास, फेरा घेतलास.
म्हणून चढावर मागू नकोस. तिथे जोरच लागतो."
बोलता बोलता त्याची वर्तुळं
नव्या बर्फाने बुजवून टाकली.

तीन हिवाळे गेले.
डॅशबोर्डवरचा ओव्हरड्राइव्हचा दिवा
पहिल्याच वर्षी उडाला, मी बदलला नाही.
आता कानानेच कळतं: ऐंशीच्या पुढे, रस्ता सपाट,
पाय हलका, अंगठा दाबला,
की क्षणभर काहीच होत नाही,
मग आवाज एक पायरी खाली बसतो,
ओझं खाली ठेवून कुणी बाकावर टेकावं तसा.
लाकडाचा ट्रक ओलांडायचा तर आधी काढायचं;
उतारावर काच झालेला बर्फ दिसला तरी काढायचं,
इंजिनालाच गाडी धरू द्यायची.
एकदा मी त्याला म्हटलं,
माणसालाही असं एक बटन हवं होतं.
"ती पेटी आहे," एस्किल म्हणाला. "तेल बघत जा."

फेब्रुवारीत त्याच्या छातीत पाणी झालं.
रुग्णवाहिका दोन तास लांब,
म्हणून त्याच्याच जुन्या गाडीत,
त्याच्याच जुन्या सीटवर त्याला घोंगडीत गुंडाळून बसवलं.
डोळे मिटलेले. श्वास किसणीवर घासल्यासारखा.
मी त्याच्या श्वासाकडे कान दिला
आणि गाडीकडचा काढून घेतला.
चढ लागला, कळलं नाही.
इंजिन थरथरू लागलं, गुदमरल्यासारखं,
मी पाय आणखी दाबत राहिले.

तेव्हा घोंगडीवर त्याचा अंगठा हलला.
एकदाच, वरून खाली.

मी बटन दाबलं. इंजिनाने घसा साफ केला,
आवाज वर चढला, गाडी चढ चढली.
माथ्यावर आल्यावर मी थांबले, त्याच्या अंगठ्यासाठी.
अंगठा मात्र हलेना. सपाट रस्ता सुरू झाला,
एक किलोमीटर, दोन.
मग हलला.
मी दाबलं, आणि वाट पाहिली,
नेहमीपेक्षा जरा जास्तच.

लिकसेलेच्या दवाखान्यात स्ट्रेचरवर घेताना
त्याने माझी बाही धरली.
मला वाटलं, बायकोला निरोप.
"पकडायला वेळ लागतोय," तो म्हणाला. "तेल कमी आहे."

एप्रिलमध्ये अंगण मोकळं झालं
तेव्हा चटई टाकून गाडीखाली शिरले,
बूच काढलं, भोकात बोट घातलं.
मग त्याच्या स्वयंपाकघरात गेले.
बाविसाव्या गोळीचं पाकीट, खिडकीत कॉफी,
आवाज अजून बसलेला.

"किती?"
"अर्धं बोट."

त्याने कप खाली ठेवला
आणि हातमोजे शोधू लागला.