सूत

लेसरची डबी घेऊन दोन पोरं आली,
भिंतीवर लाल ठिपका टाकला
आणि घर तीन मिनिटांत मोजून झालं.
बांधायला अकरा वर्षं लागली होती.

मी उद्यमनगरात लेथवर असतो.
सूतभर इकडंतिकडं झालं की जॉब भंगारात,
त्यामुळं मोजणाऱ्याचा मला राग येत नाही.
चहा दिला त्यांना.
जिन्याखालची जागा धरली, म्हटलं धरा.
मोरीवरचा पत्रा धरला.
भिंतींची जाडी धरली, नऊ इंच, चारी बाजूंनी,
जिथं आजवर कोणी झोपलेलं नाही.

मग एकजण सोप्यात थांबला.
खिडकीखाली राजमतीचं मशीन,
शेजारी फॉल-पिकोला आलेल्या साड्या,
ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी टाचलेल्या.
"शिवता काय काकी?"
तिला वाटलं, पोराला पँट आखूड करायची असंल.
"व्हय की, आण. तुझ्याकडनं काय जास्ती घेत न्हाई."
त्यानं टॅबवर बोट टेकवलं.
वापर : व्यावसायिक.

बिल आलं.
सामान्य कर. शिक्षण कर. वृक्ष कर,
म्हणजे रंगाच्या डब्यातला कढीपत्ता त्यांनी बघितला असणार.
अग्निशमन कर,
बंब आमच्या गल्लीच्या तोंडाशी येतो,
आत वळत नाही.
खाली, जाड अक्षरात, चौदा हजार तीनशे दहा.
मी चष्मा पुसून परत वाचलं.
आकड्याला काय, पुसून फरक पडत नाही.

ह्या घराचं एक मोजमाप आधीच झालेलं.
एकवीसच्या जुलैत नदी शुक्रवार पेठ चढून आली.
तिनं चहा घेतला नाही, काही विचारलं नाही,
जिन्याखालची जागा धरली, मोरी धरली,
भिंतीची जाडीसुद्धा धरली, आत मुरून.
राजमतीनं मशीनचं मुंडकं काखेत मारलं
आणि बोर्डिंगात नेलं. बाकी घर तसंच राहिलं.
पाणी उतरलं तेव्हा भिंतीवर रेघ होती.
दोनदा रंग दिला.
दर आषाढात ती रंगाखालनं वर येते.

रविवारी मी टेप काढली.
फरशीपासून रेघेपर्यंत
चार फूट सात इंच तीन सूत.
हरकतीच्या अर्जात लिहिलं :
या उंचीच्या खालचे घर नदीच्या वहिवाटीत आहे,
तेवढे तिच्या नावावर लावावे
आणि मला फक्त वरच्या घराचा फाळा यावा, ही विनंती.
आपला, भूपाल मगदूम.
मस्करी केली नव्हती. माप बरोबर होतं.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज पूर्ण वाचला.
हसल्या नाहीत. शिक्का मारला.
पोच देताना हळूच म्हणाल्या,
"आमच्यात पंख्याला टेकलं होतं."
मग नेहमीच्या आवाजात,
"सुनावणीची तारीख कळवू. पण काका,
तोवर दंड थांबत न्हाई. महिन्याला दोन टक्के. पुढचे या."

मशीन आहे म्हणून फाळा वाढला,
फाळा वाढला म्हणून मशीन रात्री अकराला चालू.
राजमतीनं बिलाच्या पाठीवर भागाकार केलाय :
नव्वद रुपयाला एक साडी,
एकशे एकोणसाठ साड्या.
"पेठेत एवढ्या बायका हायत का पर?"
मी म्हटलं, लग्नसराई येईल.
ती म्हणाली, येऊ दे, पण पाण्याच्या आधी.

मी भिंतीला टेकून बसतो.
उभा असलो की रेघ खांद्याशी येते,
बसलो की डोक्यावरून जाते.
तिला आता सुईचं भोक दिसत नाही,
दोरा मी ओवतो. हात अजून स्थिर आहे.
ती दातानं सूत तोडते,
साडी झटकून घडी घालते.

एकशे अठ्ठावन्न.