सद्यस्थिती

मनपाच्या यादीत ती सत्तावीस नंबरला आहे.
काळा दगड, दीड फूट बाय एक. मजकूर : अस्पष्ट.
ठिकाण : पाचपावलीच्या पुलाखालून डावीकडे,
आणि पुढे कुणीतरी पेनाने : विचारावे.

मी विचारलं.
मे महिन्यातली दुपार, तोंडाला दुपट्टा,
गाडीची सीट तव्यासारखी.
पानठेलेवाला म्हणाला, कोणती पाटी? दवाखान्याची?
नळाचं मीटर बघायला आल्या का, म्हणून
एक म्हातारा बनियनवरच बाहेर आला,
तीन वर्षांची बिलं घेऊन.
मी ती पाहिली. काय करणार.

सापडली ती प्रेसच्या ठेल्यावर.
कौतिकाबाई गजघाटे तापलेली इस्त्री
दोन कपड्यांच्या मधे जिच्यावर टेकवत होत्या,
तीच.
अक्षरांत कोळशाची राख जाऊन बसलेली,
काळ्यावर पांढरी,
खात्याने रंगवून घेतली असती
तरी एवढी उठून दिसली नसती.

'कै. नथ्थूसाव पौनीकर यांचे स्मरणार्थ
ही विहीर'
आणि मग एक घासलेली, गुळगुळीत जागा,
आणि मग
'लोकांचे उपयोगाकरितां बांधिली.'

इथं काय होतं?
"एक शब्द होता. इस्त्रीनं गेला.
मले कुठं वाचता येते, बाई.
पण माय सांगे, तो शब्द खोटा होता."

त्यांनी शर्टाची कॉलर उलटली,
पाण्याचा हबका मारला.
"माय घागर घेऊन तिकडं उभी राहे, त्या लिंबापाशी.
कोणी वरून ओतलं तर ओतलं.
नाई ओतलं तर पाय भाजेपर्यंत."

तिकडं आता लिंब नाही.
विहिरीवर डीपी बसवली आहे, लाल कवटीचं चित्र,
हात लावू नये.
बाई म्हणाल्या, रात्री गुणगुणते,
जसं आत कोणी रहाट ओढते.
मग हसल्या. "लाइनीचा आवाज असते तो."

नियम असा आहे की पाटी
मूळ जागी सन्मानपूर्वक बसवावी.
मी डीपीकडे पाहिलं. कवटीकडे पाहिलं.
"न्या ना," बाई म्हणाल्या, "सरकारचीच असंन.
फक्त एवढीच जाड फरशी आणून द्या,
टेबल जळते."

मी वाकून पुन्हा पाहिलं.
दोन अक्षरांची जागा. दोन्ही गेलेली.
वर तेवढा रफार राहिला होता,
इवल्या विळ्यासारखा,
खाली कापायला काही नसलेला.

"समजला का तुमाले, कोणता शब्द?"
हो म्हटलं.
त्यांनी पुढं विचारलं नाही.
कोळसे हलवले, फुंकर मारली,
इस्त्री परत दगडावर ठेवली,
नेमकी तिथंच.

घरी येऊन फॉर्म भरला.
'अस्पष्ट' खोडून 'स्पष्ट' लिहिलं,
'एक शब्द नाही' हे कंसात.
सद्यस्थितीचा रकाना दोन बोटांचा.
त्यात मावलं ते एवढंच : वापरात.

फरशी अजून नेऊन द्यायची आहे.
शहाबादी बघून ठेवली आहे इतवारीत,
कोरी.