परांचीची वही

दर सोमवारी, आणि वादळ होऊन गेलं की लगेच
परांची तपासायची,
असं पान बारावर मीच टाईप केलंय.
मार्चपासूनचे चौदा सोमवार कोरे आहेत.
उद्या अकराला साहेब येणार.

म्हणून टेबलावर पाच पेनं :
दोन निळी, एक काळं, एक अडखळत चालणारं,
एक पतसंस्थेनं वाटलेलं, हिरवट.
एका बैठकीत भरलेली वही
एका बैठकीतली दिसू नये, ही आमची विद्या.
एप्रिलच्या पानावर चहाच्या कपाचा तळ टेकवायचा,
मेचा कोपरा दुमडून त्यावर चिमूटभर सिमेंट चोळायचं.
मगदूमसाहेबांनी शिकवलं :
"खरं कधी नीटनेटकं नसतं, बाई.
नीटनेटकं दिसलं की समोरचा चष्मा पुसतो."

हरभट रोडला माझं ऑफिस, दहा बाय बारा.
भिंतीवर छातीइतकी तपकिरी रेघ.
कृष्णा आत येऊन गेली त्या साली
खालच्या कपाटांत नऊ इमारती होत्या.
पाणी ओसरल्यावर गच्चीवर वाळत घातल्या :
माती परीक्षण, क्यूब टेस्ट, अग्निशमनचा ना हरकत,
सगळ्यांची शाई एकमेकांत उतरलेली.
कागद वाळले ते मगरीच्या पाठीसारखे.
किलोवर दिले.
इमारती मात्र नऊच्या नऊ उभ्या,
गॅलरीत तुळशी, खाली स्कुटरी.
तेव्हापासून मला एक शंका आहे.
तिच्यासाठी कुठल्या नमुन्यात रकाना नाही.

आता ही विश्रामबागेची, अकरा मजली.
धोका : उंचीवरून पडणे.
शक्यता चार, तीव्रता पाच,
चार पंचे वीस.
वीस म्हणजे लाल चौकोन, लाल म्हणजे काम बंद.
फोन आला, "शक्यता दोन करा की ओ मॅडम,
दोन पंचे धा, पिवळ्यात बसतंय."
केले दोन.
उंची तेवढीच राहिली.

आठ वाजता गुरबसू आला, जतकडचा,
परांच्या बांधणारा. चौदा अंगठे द्यायला.
पॅडवर दाबला, पानावर टेकवला :
नुसता निळा डाग. आत एक रेघ नाही.
"सिमेंटनं खाल्ल्या," म्हणाला,
"रेशनच्या मशिनलाबी घावत न्हाई मी. बायको जाती."
मग उगाच वहीवर बोट ठेवून,
"हितं काय लिवलंय?"

मी वाचलं : मेचा शेवटचा सोमवार.
परांची तपासली. सर्व जोड घट्ट.

तो हसला नाही.
"त्या दिशी वारं सुटलं हुतं बाई.
सातव्यावरचा जोड निसटला.
माझा मेव्हणा जाळीत पडला,
बांगडा पडल्यागत."
जाळी कुणी लावली होती?
"मीच. जुनी हुती, कवठ्याच्या साइटवरची.
कुणी सांगितलं नव्हतं."

तो गेल्यावर पंखा बंद केला, पानं उडत होती.
त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली,
बाजूला सही. नियमात दुरुस्ती अशीच करतात.
खाली लिहिलं, सातव्यावरचा जोड,
वारा, जाळी, मेव्हण्याचं नाव : बसगोंडा.
अडखळतं पेन हातात आलं होतं, तेच चालवलं.
बाकीचे तेरा सोमवार मी होते तसेच ठेवले.
पिवळा चौकोनही.
हे लपवून काय करू.

साहेब साडेबाराला आले. साइटवरच्या खोलीत
तेरा पानं भराभर उलटली, मान डोलावत.
एका पानावर बोट थांबलं.
चष्मा काढला, पुसला.
"हे काय? असं कोण लिहितं वहीत?
खरं आहे का हे?"

मी खिडकीतून वर पाहिलं.
सातव्या मजल्याशी जाळी
वाऱ्यानं पोटासारखी फुगली होती.
आत कुणीच नव्हतं.