तुझ्याआधी कोण

वीज गेली की डोंगरावरचं यंत्र सगळं विसरतं.
एंगुरी किती चढली, बर्फाखालचं तळं किती फुगलं,
हे ठाऊक असलेली डिस्क कुलूपबंद,
आणि पासवर्ड मागत काळा पडदा ताटकळत उभा.

अकरा हिवाळे बिदझिनाच वर चढला.
खांद्यावर फावडं, टोपीत माझ्या हातचा कागद.
लॅटिन अक्षरं त्याला येत नाहीत.
एक गळ, एक शिडी, दोन अंडी, मोडका खिळा
असा त्याने पासवर्ड पाठ केलेला,
आणि कधी चुकला नाही.

यंदा त्याचा गुडघा गेला.
फोनवर म्हणाला, "दारेजान, बर्फ कमरेएवढं आहे.
निघतो. पण सावकाश."
"एवढ्या वेळी जा," मी म्हटलं, "पुढचं मी बघते."

त्बिलिसीत, चौथ्या मजल्यावर, हीटरला पाय टेकून
मी शिदोरी बांधायला बसले.
यंत्र पुरतं जागं होण्याआधीचं जग म्हणजे तेवढंच:
घर सापडेपर्यंत पुरेल इतकं.
नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर. एक किल्ली.
दाराला कान लावून बसणारा एवढासा पहारेकरी,
म्हणजे इथून मला हाक मारता येईल.
आणि शेल, तोही अगदी गरिबाघरचा;
सवयीने मी चौकोनी कंस दुहेरी लिहिले,
चौदाव्या ओळीवर त्याने मान टाकली.

तिथे प्रत्येक स्क्रिप्टला आधी एकच विचारतात:
तुझ्याआधी कोण?
उत्तर द्यावंच लागतं.
कोणी नसेल तर रिकामी अवतरणचिन्हं.
मी रिकामी ठेवली.

टेबलावरच्या जुळ्या यंत्रावर दोन संध्याकाळी काहीच घडेना.
ना चूक, ना तक्रार.
तिसऱ्या दिवशी दिसलं:
मजकूर बरोबर, जागा बरोबर,
फक्त फाइलला चालायची परवानगी द्यायची राहिली होती.
वाढप्याने पंगतीतलं एखादं पान चुकवावं
तसं तिला ओलांडून सगळं पुढे गेलं होतं,
आणि ती गप्प बसून होती.

मग वरच्या यंत्रावर तेच सगळं पाठवलं,
आणि मुद्दाम, डोळे मिटून, ते बंद करून चालू केलं.
त्रेचाळीस सेकंद.
पहारेकऱ्याने ओ दिली.
मी इथून गळ, शिडी, अंडी, खिळा टाइप केले.
कुलूप उघडलं, खरं घर सापडलं,
आणि त्या छोट्या जगाने आपलं अंथरूण गुंडाळून
स्मृतीतली जागा परत करून टाकली.

बिदझिनाला सांगितलं, आता चढायचं नाही.
पलीकडे बराच वेळ नुसता कोंबडा ऐकू येत होता.
"आणि तुझी तार बोललीच नाही, तर?"

मी लिहिलेलं होतं: तीन मिनिटं वाट बघ,
मग स्वतःला बंद करून पुन्हा सुरू हो.
पुन्हा. पुन्हा. रात्रभर.
ती ओळ खोडली.
लिहिलं: तीन मिनिटांनी पडदा उजळ, कळफलक ऐक,
आणि माणूस येईपर्यंत थांब. मुदत घालू नको.
वर एक टीप टाकली, यंत्र वाचत नाही अशा ओळीत,
त्याच्या नावाची.

एप्रिलमध्ये खालच्या गावाची वीज गेली, आली.
उपग्रहाच्या मोडेमला उठायला चार मिनिटं लागली.
माझा हिशेब एका मिनिटाने चुकला.
मी हाका मारत राहिले; पहारेकरी उठून गेला होता.
बिदझिनाचा फोन कोणी उचलेना.

पाचला वीस कमी असताना आकडे येऊ लागले.
एकशे बेचाळीस सेंटिमीटर. एकशे त्रेचाळीस.
नोंदवहीत एक ओळ: कुलूप कळफलकावरून उघडलं.

संध्याकाळी त्याचाच फोन.
धाप अजून बसलेली नव्हती.
"वरच्या तीन पायऱ्यांवर मीठ टाकायला कोणाला तरी पाठव,"
म्हणाला, "आणि त्या पडद्यावरची धूळ,
ती काय मी पुसायची?"