खुंट

कारभारी कलमं भरतो. ओझरपासून वणीपर्यंत
कुणाच्याही बागेत विचारा.
रानटी खुंट उभा चिरायचा,
त्यात सोनाकाची काडी, पाचरीसारखी तासलेली,
वरून पट्टी. हात थरथरला तर काडी गेली.
तो माझा धाकटा भाऊ.
मी देवळालीच्या पोस्टात, सॉर्टिंगला.
बावीस वर्षं दुसऱ्यांचे पत्ते वाचले.

डॉक्टर बच्छाव म्हणाले, दहापैकी दहा खुणा जुळल्या.
चौघा भावंडांत हा एकच,
ज्याला मी लहानपणी रडवायचे,
तुला बोहारणीकडून घेतलंय, जुन्या लुगड्यावर.

मुंबई नाक्याजवळ, तिसरा मजला, काचेची खोली.
आधी माझं सगळं खरवडून काढलं:
केस, तोंडाची साल,
आणि सातव्या वर्षी आलेल्या गोवराची
हाडांनी जपून ठेवलेली आठवण.
मग एक पिशवी, टोमॅटोच्या साराच्या रंगाची.
तिच्यावर माझं नाव होतं,
हाडांचा पत्ता नव्हता.
शिरेतून सोडल्या त्या पेशी
हृदयातून, फुफ्फुसातून हिंडल्या
आणि कुणाला न विचारता
कंबरेच्या हाडात, फासळ्यांत जाऊन उतरल्या.
बावीस वर्षांत असं टपाल मी पाहिलं नाही.

चौदाव्या दिवशी आकडा पाचशेवर गेला.
काचेपलीकडून कारभारीनं फोनवर विचारलं,
"डोळा फुटला का?"
ओव्हाळ सिस्टर दचकल्या.
मी हसले, तोंडातल्या फोडांसकट.

द्राक्षात खुंट जुना, वरची काडी नवी.
माझ्यात उलटं.
वरचं सगळं तेच: नाव, चष्मा, कुरकुर.
खुंट तेवढा बदलला.
रक्तगट बी होता, आता ओ आहे.

मग तळहात पेटले.
त्याच्या पांढऱ्या पेशी घरोघर फिरत होत्या,
दार वाजवत, चेहरा न्याहाळत,
आणि माझ्याच कातडीवर शिक्का मारत होत्या:
असा इसम येथे राहत नाही.
त्यांना तरी काय बोलणार?
त्या जिथं शिकल्या, तिथं घर म्हणजे
कारभारीचं घर.
त्यांच्यातल्याच काही सबुरीच्या जणी
बाकीच्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत असाव्यात,
थांब गं, नीट बघ,
नाक तर आपल्या आईचंच आहे.
उरलेलं स्टेरॉइडनं निभावलं. पुरतं नाही.
निफाडचा पारा उतरला की
अजून टाचांना खाज सुटते,
कुणीतरी अजून पत्ता पडताळतंय.

वर्षानं, पंचवटीच्या दवाखान्यात, लसीची रांग.
शेजारणीच्या मांडीवर तीन महिन्यांचं, टोपडं घातलेलं.
"तुमचं बाळ कुठंय?"
मी कार्ड पुढे केलं. धनुर्वात, घटसर्प, पहिला डोस.
वय सत्तेचाळीस.
"मीच," म्हटलं.
ती काही बोलली नाही.
बाकावर जरा सरकली, जागा केली.

परतताना कारभारीच्या गाडीवर, मागे.
आडगाव सुटल्यावर रस्त्याच्या कडेनं
गाजरगवत पांढरंफेक फुललेलं.
त्याला ते पहिल्यापासून सोसत नाही.
मी त्यातच खेळून मोठी झाले,
कधी साधं नाक चुरचुरलं नाही.
तो शिंकला.
मग मी. मास्कच्या आत, लागोपाठ तीनदा,
अगदी त्याच्यासारखी, शेवटी "आई गं" म्हणत.

त्यानं गाडी कडेला घेतली.
आरशातून माझ्याकडे पाहत राहिला,
मग ओशाळून म्हणाला,
"हे पण दिलं होय मी?"